बोट निजते ती बाजू

कलिस्त झेफरिनने एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात सव्वीस बोटी बांधल्या आणि एकच मोटार मोडली. सरकारला फक्त मोटारीत रस होता.

मोटार डॉक्टर वेस्टमोर यांची. ते मोठ्या बेटावरचे दातांचे डॉक्टर. रविवारी मासे धरायला एक शिडाची बोट असावी असं त्यांना वाटलं आणि ती त्यांनी सॅलीन बेटावर कलिस्तकडे बांधायला टाकली. बोट पाण्यात सोडायच्या दिवशी ते बायकोला, तिच्या टोपीला आणि नव्या कोऱ्या फिकट निळ्या मोटारीला घेऊन मालवाहू जहाजातून आले. उन्हाचा कडाका होता. किनाऱ्यावर सावली एकच होती, टेकूंवर उभ्या असलेल्या बोटीची. डॉक्टरांनी मोटार त्या सावलीत लावली.

आता सॅलीनवर बोट सोडतात ती अशी. पाद्री पाणी शिंपडतो, बकरा कापतात, मग बांधणारा कुऱ्हाड घेऊन चर्चच्या बाजूचे टेकू एकेक करून तोडतो. शेवटचा टेकू गेला की बोट हळूच त्या कुशीवर निजते. मग सगळं बेट दोर धरून तिला ओंडक्यांवरून समुद्रात ओढत नेतं आणि परत येऊन बकऱ्याचा रस्सा, मक्याचे गोळे आणि ज्यात बर्फसुद्धा तळाला जातो अशी रम यांचा समाचार घेतं. बोट चर्चच्या बाजूला निजते हे बेटावर शेंबड्या पोराला माहीत असतं. कोंबड्यांनाही माहीत असतं. पहिला घाव ऐकला की त्या उठून दुसरीकडे जाऊन बसतात.

कलिस्तने रिवाजाप्रमाणे तीनदा ओरडून सांगितलं, "निजतेय हो!" डॉक्टरांनी तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मग बोट निजली.

गुन्हा लागला जाणूनबुजून मालमत्तेची नासधूस केल्याचा. शाबीत झाला तर मोठ्या बेटावरच्या तुरुंगात पाच वर्षं. त्या तुरुंगातून समुद्र दिसतो का, एवढंच कलिस्तने विचारलं. आत जाऊन आलेल्या एकाने सांगितलं की एक भिंत दिसते, पण स्वच्छ ठेवलेली आहे.

पोलिसांनी पंचनामा करून बोट आणि मोटार दोन्ही मुद्देमाल म्हणून जिथल्या तिथे जप्त केली. वरती बोट, खाली मोटार. खटला चालवायला न्यायमूर्ती मोठ्या बेटावरून वर्षातून दोनदा येत, त्यामुळे पाच महिने ती जोडी तशीच पडून होती. मोटारीच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. बोट उन्हाने तडकू नये म्हणून कलिस्त रोज सकाळी येऊन तिच्यावर समुद्राचं पाणी ओतायचा. पहाऱ्यावरचा शिपाई ग्रेगॉर हा त्याच्या बहिणीचा मुलगा. तो दर वेळी वहीत लिहून ठेवायचा, 'आरोपीने मुद्देमालास आंघोळ घातली.'

शेवटी एका सोमवारी न्यायमूर्ती आले. कोर्ट म्हणजे किनाऱ्यावरच्या गोदामाची लाकडी माडी. खाली सुक्या माशांची पोती, वर कायदा. कलिस्तचा वकील पॉमेल सरकारनेच नेमून दिला होता. राजधानीतला तरुण मुलगा. चेहऱ्यावर इतका प्रामाणिकपणा, की कलिस्तला पाहताक्षणी त्याची काळजी वाटू लागली.

ज्यूरीवर नऊ माणसं हवी होती. बेलीफ कुथबर्ट सायकलवरून बेटभर हिंडून साठ जणांना समन्स देऊन आला होता. सरकारी वकील फार काटेकोर. त्यांनी न्यायमूर्तींना सांगितलं, "माय लॉर्ड, ज्यूरी निःपक्षपाती हवी. मी प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारीन. आरोपीशी नातं आहे का, आणि त्या दिवशी किनाऱ्यावर होता का. नातेवाईक नको, आणि घटना पाहिलेला साक्षीदारही ज्यूरीत नको."

"योग्य," न्यायमूर्ती म्हणाले. हा शब्द त्यांना पुढे तीन दिवस पुरला.

पहिला माणूस उभा राहिला.

"आरोपी तुमचा कोण?"

"कुठून धरू? आईकडून धरलं तर मामेभाऊ लागतो. बायकोकडून धरलं तर काका लागतो, पण काका म्हटलेलं त्याला आवडत नाही."

"जा तुम्ही."

दुसऱ्या बाई होत्या. "माझं त्याच्याशी काही नातं नाही," त्या म्हणाल्या. सरकारी वकिलांचा चेहरा उजळला. "माझ्या नवऱ्याचं आहे. आणि मुलांचं. आणि सासू तर त्याची सख्खी मावशी."

"बरं, त्या दिवशी किनाऱ्यावर होता का?"

"बोट सोडायची होती ना?"

"मी विचारतोय, तुम्ही होता का?"

"साहेब, बेट तिथे होतं. मी बेटावर राहते."

सोमवार संपेपर्यंत एकेचाळीस जण गेले. नातं चुकवलेला किनाऱ्यावर सापडायचा, किनारा चुकवलेला नात्यात. एक म्हातारा बाळंतपणासाठी आलेल्या मुलीपाशी घरी थांबला होता, म्हणून आशा वाटली. पण ते बाळ कलिस्तचं नातवंड निघालं. न्यायमूर्तींनी विग काढून वहीने वारा घेतला आणि विचारलं, "या बेटावर आरोपीच्या नात्यात नसलेला माणूस आहे तरी का?"

बेलीफ कुथबर्टने विचार केला. "पाद्री आहेत, माय लॉर्ड. पण पाणी त्यांनीच शिंपडलं होतं."

मंगळवारी सकाळी मात्र चमत्कार झाला. बासष्ट वर्षांच्या मिस ओटलीन जोसेफ, करड्या रंगाचा चर्चचा पोशाख आणि पर्स छातीशी धरून, पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.

"आरोपीशी नातं?"

"नाही."

"त्या दिवशी किनाऱ्यावर होता?"

"नाही."

"कुठे होता?"

"घरी. दार लावून."

"का बरं?"

"मी बोटी सोडायला जात नाही. बावीस वर्षांत गेले नाही."

सरकारी वकिलांना गहिवरून आलं असावं. "माय लॉर्ड, आदर्श ज्यूरर," ते म्हणाले. पॉमेलनेही खूष होऊन मान डोलावली. आरोपीच्या जागेवर बसलेला कलिस्त छताकडे पाहू लागला.

त्यांच्यामागून पास्काल आला. तोही किनाऱ्यावर नव्हता, त्याचंही नातं नव्हतं. मग बॅसिल.

"आडनाव?"

"झेफरिन."

"आरोपीचंही तेच आहे."

"योगायोग," बॅसिल म्हणाला.

बेलीफने घसा खाकरला. "माय लॉर्ड, हा त्याचा सख्खा भाऊ."

"होतो," बॅसिल म्हणाला. "अठ्ठावन्न सालापर्यंत. मग नातं संपलं."

"नातं असं संपतं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"आमच्याकडे संपतं, माय लॉर्ड. चार लोकांसमोर सांगितलं की संपतं. कुथबर्टला विचारा, तो त्या चार जणांत होता."

कुथबर्टने खाली मान घालून दुजोरा दिला. न्यायमूर्तींनी घड्याळाकडे पाहिलं, उरलेल्या यादीकडे पाहिलं. "योग्य," ते म्हणाले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ जण भरले. पॉमेल हात चोळत कलिस्तकडे आला. "मिस्टर झेफरिन, नशीब बघा. नऊच्या नऊ त्रयस्थ."

"वकीलसाहेब," कलिस्त म्हणाला, "बोट सोडायला आमच्याकडे कोण येत नाही, माहीत आहे?"

"आजारी माणसं?"

"आजारी माणसाला खुर्चीवर बसवून आणतात. येत नाही तो फक्त बांधणाऱ्याशी भांडलेला. साऱ्या बेटावर माझ्याशी भांडलेली माणसं नऊ आहेत. सरकारी वकिलांनी ती सगळी शोधून काढली. मला स्वतःला एवढी नीट यादी करता आली नसती."

पॉमेलचा चेहरा पडला. त्याने एकेकाबद्दल विचारलं आणि कलिस्तने हातचं न राखता सांगितलं. मिस ओटलीनला बावीस वर्षांपूर्वी त्याने शब्द दिला होता, की पुढच्या बोटीला तुझं नाव देईन. सोडायच्या दिवशी बोटीवरचा कपडा ओढला तर खाली 'मेव्हिस' लिहिलेलं. बोट मेव्हिसच्या बापाने घेतली होती, तो ऐकेना. ओटलीन नवे बूट घालून आली होती, ती तशीच घरी गेली. पास्कालच्या होडीला त्याने खुराडं म्हटलं, असं पास्काल म्हणतो. आणि बॅसिल आईच्या शवपेटीवरून तुटला. पेटी कलिस्तने बांधली होती.

"त्यात भांडण्यासारखं काय?"

"पुढून जरा निमुळती झाली. हाताला सवय तीच. उचलणाऱ्यांना डोकं कुठलं आणि पाय कुठले ते कळेना. आणि बॅसिलचं म्हणणं, तळाला बोटीसारखा कणा कशाला ठेवलास."

"ठेवला होता?"

"लहानसा."

पॉमेलने कागद पुढे ओढले. "हे बघा. तिघांना आपण कारण न देता नाकारू शकतो. बाकीच्या सहांवर वैर आहे म्हणून हरकत घेऊ, ती कुठलाही न्यायाधीश मान्य करील. मग इथे ज्यूरी भरणार नाही आणि खटला राजधानीत जाईल. तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही."

"तिथे ज्यूरीवर कोण असतं?"

"शिकलेली माणसं. बँकेतले कारकून, दुकानदार, विम्याचे एजंट."

कलिस्तने थोडा वेळ मागून घेतला आणि तो किनाऱ्यावर गेला. ग्रेगॉरने वही काढली. कलिस्तने बादली भरून बोटीच्या पाठीवर ओतली, पाणी फळ्यांवरून ओघळून मोटारीच्या चेपलेल्या टपावर टपटप पडू लागलं. एक कोंबडी खिडकीतून बाहेर आली, त्याच्याकडे बघून परत आत गेली.

"काय झालं मामा?" ग्रेगॉरने विचारलं.

"माझा निवाडा ओटलीन करणार, नाहीतर बँकेतला कारकून."

"मग कारकून बरा."

"तुला वाटतं?"

"ओटलीनमावशी तुमच्या बाजूचा फुटपाथसुद्धा वापरत नाहीत."

"हं," कलिस्त म्हणाला. त्याने दुसरी बादली ओतली. मग तो माडी चढून गेला आणि पॉमेलच्या समोर बसला. "त्या शिकलेल्या माणसांकडे मोटारी असतात?"

"बहुतेकांकडे."

"बोटी?"

"नाही. बोटी कशाला असतील?"

"म्हणजे त्यांना तुम्ही सांगणार, की हा म्हातारा कुऱ्हाड घेऊन टेकू तोडत होता, खाली नवी मोटार होती, त्याला दिसत होती, तरी तो तोडत राहिला. बरोबर?"

"पण मी रिवाज समजावून सांगेन ना."

"मला समजावून सांगा बघू."

पॉमेलने सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला बोट चुकीच्या बाजूला निजली. कलिस्तने चर्चकडे मान वळवली. पॉमेलने ओशाळून कागद खाली ठेवले.

"ही नऊ माणसं मला पाण्यात पाहतात," कलिस्त म्हणाला. "पण बोट कुठल्या बाजूला निजते ते त्यांना माहीत आहे. राहू द्या त्यांना."

बचाव पक्षाची एकही हरकत नाही, हे ऐकून नऊ जणांनी एकदम माना वर केल्या. आपल्याला कुणी नाकारत नाही याची त्यांना सवय नव्हती. ओटलीनने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

खटला उरलेली दुपार आणि दुसरी सकाळ एवढाच चालला. डॉक्टर वेस्टमोर सभ्य माणूस. त्यांनी जे घडलं ते खरं सांगितलं. आपण टाळ्या वाजवल्या हेही सांगितलं. त्यांना वाटलं होतं तो गाण्याचा भाग आहे. पॉमेलने विचारलं, "किनाऱ्यावर आणखी वाहनं होती?"

"एक ट्रक, दोन गाढवं आणि पाद्रीसाहेबांची मोटारसायकल."

"कुठल्या बाजूला?"

"सगळी चर्चच्या उलट बाजूला. उन्हात. मला नवल वाटलं."

"आणि तुम्ही?"

"मी बोटीच्या सावलीत लावली."

ज्यूरीच्या बाकावरून नऊ जिभा एकाच वेळी टाळूला लागल्याचा आवाज आला. न्यायमूर्तींनी चमकून वर पाहिलं. पास्काल तर डॉक्टरांकडे अशा नजरेने पाहत होता, जशी माणसं विहिरीच्या काठावर झोपलेल्या पाहुण्याकडे पाहतात.

पुढची साक्ष रस्सा करणाऱ्या टांटी, म्हणजे मावशी, युफीमियाची. सरकारी वकिलांनी आवाज चढवला. "तुम्ही सगळ्यांनी मोटार पाहिली. शंभर माणसं होती. एकानेही डॉक्टरांना का सांगितलं नाही?"

"आम्हाला वाटलं ते मुद्दाम लावतायत."

"मुद्दाम? बोटीखाली?"

"आम्ही गरीब माणसं, बोटीला बकरा देतो. ते दातांचे डॉक्टर. आम्ही म्हटलं, त्यांच्या ऐपतीप्रमाणे मोटार देत असतील." टांटीने पुढे सांगितलं, "जास्त वाटली खरी. पण देणाऱ्याचा हात धरणं बरं दिसत नाही."

बुधवारी अकरा वाजता ज्यूरी विचार करायला शेजारच्या खोलीत गेली. मध्ये फळ्यांची भिंत होती. कलिस्त बाकावर बसून ऐकत होता. आधी बाकं सरकली. मग बॅसिलचा आवाज, "कणा! आईच्या पेटीला कणा!" मग पास्काल काहीतरी खुराड्याबद्दल बोलला. मग सगळे एकदम बोलू लागले आणि त्या गोंधळातून एक नाव वर आलं, मेव्हिस. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मोटार हा शब्द काही त्याच्या कानावर आला नाही. बारा वाजले, एक वाजला. कलिस्तला ती स्वच्छ भिंत दिसायला लागली. आपण कारकुनांना का नाकारलं, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. कारकून निदान बोट आणि मोटार या दोनच विषयांवर बोलले असते.

अडीच वाजता दार उघडलं. ज्यूरीची प्रमुख म्हणून मिस ओटलीन पुढे आल्या.

"निर्णय एकमताने झाला?"

"हो. आरोपी निर्दोष." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "बोट बरोबर बाजूला निजली. मोटार चुकीच्या बाजूला होती. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, ते आम्ही दारातच ठरवलं."

"मग साडेतीन तास?" न्यायमूर्तींनी विचारलं.

ओटलीनने पर्समधून घडी केलेला कागद काढला. "दुसरे नऊ गुन्हे शाबीत झालेत."

सरकारी वकील उठू लागले. न्यायमूर्तींनी त्यांना हाताने थांबवलं. "बाई, आरोपपत्रात एकच गुन्हा आहे. इतर गोष्टी या कोर्टाच्या कक्षेत येत नाहीत."

"कोर्ट इथे आहे, आरोपी इथे आहे, आम्ही नऊ जण इथे आहोत," ओटलीन म्हणाल्या. "पुन्हा कधी एका खोलीत येणार? मी बावीस वर्षं थांबलेय, माय लॉर्ड. तुमचं जहाज चार वाजता आहे."

न्यायमूर्तींनी घड्याळ पाहिलं. ते आयुष्यभर निकाल देत आले होते, आणि एवढ्या निष्ठेने काम केलेली ज्यूरी त्यांनी पाहिली नव्हती. "योग्य," ते म्हणाले. "वाचा. नोंद होणार नाही."

ओटलीनने वाचलं. कलिस्त उभा राहिला होता. पहिला आरोप, शवपेटीचा.

"कबूल," कलिस्त म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण ती गळली नसती."

बॅसिलने तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. रडतोय की हसतोय ते त्याला स्वतःलाच ठरवता येईना.

"दुसरा. पास्कालच्या होडीला खुराडं म्हणाल्याचा."

"नाकबूल. खुराडं म्हणालो नाही. खुराड्याला निदान दार असतं, असं म्हणालो."

"तेच," पास्काल बाकावरून म्हणाला. "मला शब्द आठवत नव्हते."

"मग कबूल."

असे आठ झाले. नवव्या वेळी ओटलीनने कागदाची घडी केली आणि तो न वाचता नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. कोर्टात माशी उडाली असती तरी ऐकू गेली असती. माशा होत्याही, खालच्या पोत्यांमुळे.

"कबूल," कलिस्त म्हणाला. "पूर्ण कबूल."

"शिक्षा आम्ही ठरवलीय," ती म्हणाली. "बोट सोडायला कुणाला बोलवायची पद्धत नाही. तू आम्हा नऊ जणांच्या दारी येऊन बोलवायचं. टोपी हातात घेऊन."

"शिक्षा मान्य," कलिस्त म्हणाला. पॉमेलने सवयीने अपील करायचं का म्हणून विचारलं. कलिस्तने त्याच्या पाठीवर थाप मारली.

शनिवारी बोट मोटारीवरून उचलून ओंडक्यांवर घेतली. डॉक्टर वेस्टमोर मुद्दाम थांबले होते. टोपी काढून त्यांनी सगळ्यांना विचारलं, "मी कुठे उभा राहू?" आणि पन्नास माणसांनी त्यांना पन्नास जागा दाखवल्या, सगळ्या सुरक्षित. नऊही दारी टोपी हातात घेऊन गेलेला कलिस्त आता ब्रश घेऊन बोटीच्या मागच्या अंगाला उभा होता. नाव लिहायचं राहिलं होतं. डॉक्टरांच्या बायकोने सांगून टाकलं होतं, की ज्या बोटीने माझी मोटार खाल्ली तिच्यावर माझं नाव नको. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला हवं ते लिहा.

कलिस्तने ब्रश रंगात बुडवला आणि ओटलीनकडे पाहिलं. तिने नवे बूट घातले होते. ती थोडी पुढे सरकली.

"एक मिनिट," पास्काल म्हणाला. "निर्णय नऊ जणांचा होता. ती एकटी कशी?"

"बरोबर आहे," बॅसिल म्हणाला. "आईचं नाव का नको?"

नऊ जण एकमेकांकडे पाहू लागले. मग काही न ठरवता, सवय लागलेल्या माणसांसारखे, ते एका रांगेत गोदामाचा जिना चढून गेले. दार लागल्याचा आवाज आला. बेलीफ कुथबर्ट धावत जाऊन बाहेर उभा राहिला.

भरती पूर्ण आली होती. दोर जागोजाग धरलेले, बकरा शिजून तयार. वरून ओटलीनचा आवाज चढला, मग बॅसिलचा, मग सगळ्यांचे एकत्र.

"मामा," ग्रेगॉरने विचारलं, "किती वेळ लागेल?"

कलिस्तने ब्रशवरचा सुकत चाललेला रंग पाहिला आणि तो पुन्हा डब्यात बुडवला. "सांगता येत नाही. बुधवारी फक्त माझ्या तुरुंगाचा प्रश्न होता."

तासाभराने कुथबर्ट जिन्यात डोकावला आणि त्याने ओरडून विचारलं, ज्यूरीला रस्सा वर पाठवायचा का. पाणी ओसरायला लागलं होतं. टांटी युफीमियाने नऊ वाडगे भरले.